वजनाची वही

नीलकंठ सोनबाजी बोरकुटे, वय शहाऐंशी,
काल रात्री गेले. सकाळी मी शाळेच्या कोठीतून
चुन्याची जुनी बादली काढली
आणि तिच्यात दगड झालेलं पांढरं खरवडत बसलो.

तेवीस वर्षं मी या मैदानावर एच काढला.
शिकवायचं काम गुरुजींचं,
आभाळातून वाचता येईल असं लिहायचं माझं.
पहिल्यांदा उतरले तेव्हा त्यांनी
पंखा थांबायच्या आधीच माझं अक्षर पाहिलं.
"मनिराम, एक पाय आखूड झाला ना बे.
लंगडा हाय तुझा एच.
पण उतरलो ना मी, उतरलोच."

गावाला वाटायचं, पोलिसांचं विमान म्हणजे बंदुका.
(हेलिकॉप्टरला विमान म्हटलं की ते चिडत.)
त्यांच्या खिशात एक लाल वही असे,
किराणा दुकानात उधारीची असते तशी.
तिच्यात फक्त वजनं.
मतपेट्या सहा, चौऱ्याऐंशी किलो.
मीठ, दीड क्विंटल.
मास्तर दोन, त्यातला एक भित्रा.
कोरचीकडची अडलेली बाई, चोपन्न.
आठ दिवसांनी परतीच्या ओळीत:
बाई एकोणपन्नास. पोरगी दोन किलो शंभर.

एकाहत्तर साली ते पूर्वेला होते.
त्याचं पदक धानाच्या ढोलीत कुठंतरी बुडालेलं.
पंधरा ऑगस्टला बोलायला उभं केलं की सांगायचे
फक्त वारा:
"उतरताना वाऱ्याकडे तोंड करावं.
पाठ केली की तो ढकलतो."
हेडमास्तरांनी जोरात टाळ्या वाजवल्या.
त्यांना ते देशाबद्दल वाटलं.

एका मे महिन्यात, तेंदूपानाच्या दिवसांत,
एटापल्लीच्या पलीकडून त्यांनी दोघांना आणलं.
एक जवान, मांडीत गोळी.
दुसरा जंगलातला पोरगा, पोटात.
एकाच पत्र्यावर, डोक्याला डोकं लागून.
वायरलेसवर साहेब ओरडत होते,
आधी आपला माणूस आणा, त्याला दुसऱ्या फेरीत.
दुसऱ्या फेरीपुरता उजेड उरला नव्हता.
पिंपातलं तेल भरायला इथं उतरले, म्हणून मी पाहिलं.
पोरगा गोंडीत पाणी मागत होता.
मला गोंडी येते, पण पोटात गोळी असली की पाणी देत नाहीत.
फडकं ओलं करून त्याच्या ओठांवर ठेवलं.
जवानानं हात पुढे केला.
मला वाटलं, ढकलेल.
त्यानं तेच फडकं घेऊन स्वतःच्या तोंडाला लावलं.

वहीत त्या दिवशी: एकशे एकवीस.
दोघांची बेरीज. नावं नाहीत.
पोरगा नागपूरच्या वाटेवर वर असतानाच गेला.
आकडा खोडलेला नाही.
चौकशीत म्हणाले म्हणे,
"मशीनले वजन समजते साहेब, बाजू नाही समजत."

मार्कंड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात कधी बसले नाहीत.
"चालवणारा दिसत नाही," म्हणायचे.
झाडीपट्टीच्या नाटकाला शेवटच्या रांगेत,
आणि कोणी मरायचा प्रवेश आला की बिडी प्यायला बाहेर.
मोतीबिंदू पिकल्यावर बोडीच्या पाळीवर बसत,
येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत,
राईस मिलचा धूर कुठं चालला रे?
आम्ही कंटाळून काहीही सांगायचो.
त्यांना ते कळायचं.

आज विसावा मैदानावरच घ्या, असं त्यांची लेक छबूताई म्हणाली.
मी चुना कालवला. हात कापतो आता.
तिरडी उचलली तेव्हा खांद्याला काही लागलंच नाही.
चाळीस? चाळीसही नसतील.
वही माझ्या खिशात होती, छबूताईनं दिलेली.
पेन्सिल काढली, ठेवून दिली.

खाली ठेवताना मिलकडे पाहिलं.
धूर तिरपा, तळ्याच्या बाजूला.
म्हटलं, फिरवा, वाऱ्याकडे तोंड करा.
जाणते म्हणाले, असं नसते, दिशा ठरलेली असते.
म्हटलं, फिरवा.
कोणी बोललं नाही. चौघांनी हळू फिरवलं.

मग दिसलं, एचचा एक पाय
यंदाही आखूड.